मिरचीला शिक्षा, गोळीला माफी

चैत्र लागला की आमच्या बुधवार पेठेत वर्षाच्या तिखटाची गडबड सुरू होते. वाड्यांच्या गच्च्या आता फारशा उरल्या नाहीत. पण जिथे चार हात ऊन मिळेल तिथे मिरच्या पसरलेल्या दिसतात. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी आणि दोहोंचा मेळ घालायला शंकेश्वरी, हा हिशेब इथल्या गृहिणींना तोंडपाठ असतो. कांडप करून आणलेली पिशवी घरात उघडली की सारी आळी शिंकते, आणि त्यातली निम्मी मंडळी डोळे चोळत माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात.

मोसम तिखटाचा असो वा नसो, बाकावरचे एक वाक्य मात्र बारा महिने ठरलेले असते. "डॉक्टर, परवा जरा तिखट खाण्यात आलं, तेव्हापासून..." या 'तेव्हापासून'च्या पुढे काहीही येते. पित्त, अल्सर, मूळव्याध, तोंड येणे, छातीत जळजळ, अंगावर गांधी उठणे; एकदा तर केस गळणेसुद्धा आले होते. गावात एखादा माणूस बदनाम असला म्हणजे चोरी कुठेही होवो, पहिला संशय त्याच्यावरच. मिरचीचे तसेच झाले आहे.

आज मला या मिरचीची थोडी वकिली करायची आहे. मी काही तिखटाचा शौकीन नाही. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. पण निरपराध्याला पकडले की खरा गुन्हेगार मोकळा सुटतो आणि दवाखान्यात त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तीस वर्षांच्या व्यवसायात हे मी अनेकदा पाहिले आहे. एकदा तर चुकीचा आळ घेणारा मीच होतो.

आग नाही, फक्त घंटा

मिरचीतल्या तिखट द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. थ्रेश या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली ते जवळजवळ शुद्ध स्वरूपात वेगळे काढले आणि त्याला हे नाव दिले. मिरची उभी चिरली की आत पांढरी शीर दिसते, जिला बिया चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होते ते या शिरेत. बियांचा तिखटपणा हा शेजाराचा परिणाम. मिरचीला लाल रंग देणारी द्रव्ये पुन्हा निराळी. म्हणूनच बेडगी लालभडक असूनही बेताची तिखट, आणि लवंगी एवढीशी असूनही डोळ्यांतून पाणी काढणारी.

आयुर्वेदाने षड्रसांत कटुरसाला, म्हणजे तिखटाला, स्थान दिले आहे. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तिखटाला चवीत धरत नाही, वेदनेत धरते. याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्याला लागला की डोळा झोंबतो. डोळ्याला काही चव कळत नाही, पण आग कळते.

ही आग कशी लागते हे १९९७ साली समजले. अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या वेदनावाहक चेतातंतूंच्या टोकावर असलेले एक सूक्ष्म दार शोधून काढले. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की हे दार उघडते आणि 'भाजतंय' असा निरोप मेंदूकडे जातो. चहाचा कप ओठाला लागताच आपण मागे सरतो तो या निरोपामुळे. गंमत अशी की कॅप्सेसिन नेमके हेच दार उघडते. तापमान वाढलेले नसते, कुठे काही भाजलेले नसते, तरी मेंदूला निरोप पोचतो की भाजले. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले.

आमच्या पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत. तिथल्या एका दुकानदाराला मी हे समजावून सांगत होतो, तर तो चटकन म्हणाला, "म्हणजे आगीची घंटा बसवली आहे, आग लागलेलीच नाही, आणि कोणीतरी येऊन नुसतं बटण दाबून गेलं!" याहून सोपे मला सांगता आले नसते. मिरची जेवणातल्या प्रमाणात असेल तर ती जाळत नाही; जळल्याची वर्दी तेवढी देते.

पक्ष्यांमधल्या या दाराची घडण वेगळी असल्याने त्यांना कॅप्सेसिन जाणवतच नाही. पोपट मिरची कुरतडत खुशाल बसतो ते त्यामुळे. आणि कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. तेव्हा ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. घोटभर दूध किंवा चमचाभर दही जास्त कामाचे. मिरच्या कुटून हात भगभगत असतील तर आधी तेल चोळावे, मग साबणाने धुवावेत.

मावशींचा ठेचा

आता माझी चूक सांगतो. दवाखाना सुरू करून पाचसहा वर्षे झाली असतील. जवळच्याच एका वाड्यात राहणाऱ्या आणि खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी पोटदुखीची तक्रार घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. छातीखाली खड्ड्यात दुखते, जळजळते. मी विचारले, "तिखट किती खाता?" मावशी माणदेशाकडच्या, त्या म्हणाल्या, "भाकरी-ठेच्याबिगर घास उतरत नाही." झाले. मला उत्तर मिळाले. आम्ल कमी करणारे औषध लिहिले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले, 'तिखट बंद'.

मावशींनी ते इमानेइतबारे पाळले. दिवसभर दुसऱ्यांसाठी झणझणीत रस्से करायचे आणि घरी येऊन दूध-भात खायचा, असे त्यांनी आठ महिने काढले. मध्येमध्ये येऊन त्या विचारायच्या, "डॉक्टर, एवढासा ठेचा चालेल का?" मी मान हलवायचो. दुखणे कमी-जास्त होत राहिले. मला वाटे, या चोरून खात असणार.

एके दिवशी पहाटे त्यांचा मुलगा धावत आला. आईला घेरी आली होती आणि शौचाला डांबरासारखे काळे झाले होते. पोटात रक्तस्राव झाल्याची ही खूण. रुग्णालयात रक्त चढवले, दुर्बिणीने तपासले, जठरात व्रण सापडला. तिथल्या डॉक्टरांनी मी आठ महिन्यांत न विचारलेला प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला. "गुडघ्यासाठी, कंबरेसाठी काही गोळी घेता का?"

घेत होत्या. दिवसभर पाटावर बसून पोळ्या लाटायच्या, गुडघे धरायचे, म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज दोन, कधी तीन. वर्षभर. मला सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हते; ती 'गुडघ्याची गोळी' होती.

मावशी वाचल्या. बऱ्या होऊन दवाखान्यात आल्या तेव्हा रागावल्या नाहीत, नुसते म्हणाल्या, "डॉक्टर, मिरची सोडवलीत आणि गोळी तेवढी ठेवलीत." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

अल्सरचे खरे गुन्हेगार

जठराच्या आतल्या अस्तराचे स्वतःच्याच आम्लापासून रक्षण व्हावे म्हणून शरीर काही द्रव्ये बनवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या दुखणे थांबवतात, पण त्याबरोबर या रक्षक द्रव्यांचे उत्पादनही थांबवतात. 'जेवणानंतर घेतली की झाले' ही समजूत अपुरी आहे. जेवणानंतर घेतल्याने तात्पुरती जळजळ कमी होईल. रक्तात गेलेली गोळी अस्तराचे रक्षण काढून घ्यायची ती घेतेच. इंजेक्शनानेही तोच परिणाम होतो.

दुसरा गुन्हेगार जंतू आहे. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. लोकांना पटेना म्हणून १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्यायला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ साली नोबेल मिळाले. आज या जंतूवर प्रतिजैविकांचा साधारण दोन आठवड्यांचा उपचार आहे. जे अल्सर वर्षानुवर्षे पथ्य करूनही परत परत होत, ते अशा उपचाराने कायमचे बरे होऊ शकतात.

आणि मिरची? १९८४ सालीच दिल्लीतल्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांवर केलेला एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. काही रुग्णांना जेवणातून रोज ३ ग्रॅम लाल मिरची दिली, काहींना दिली नाही. औषध दोन्ही गटांना सारखे. अल्सर दोन्ही गटांत सारखेच भरून आले. १९९५ साली सिंगापूरमधल्या पाहणीत तर अल्सरच्या रुग्णांपेक्षा निरोगी लोकच अधिक मिरची खात असल्याचे आढळले. याचा अर्थ अल्सरवर मिरची खा असा कोणी घेऊ नये. पण तिच्यावरचा मुख्य आरोप टिकत नाही, एवढे खरे.

इतिहासही मिरचीच्या बाजूने साक्ष देतो. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. त्याआधी महाराष्ट्राचे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि आले. 'माधवनिदान' हा आयुर्वेदाचा ग्रंथ मिरची येण्याच्या कितीतरी शतके आधीचा. त्यात अम्लपित्ताचे वर्णन आहे आणि अन्न पचताना उठणाऱ्या परिणामशूलाचेही आहे. म्हणजे मिरची या देशात कोणी पाहिलीही नव्हती, तेव्हाही माणसांच्या पोटात आग पडत होतीच.

मी १९९० च्या सुमारास शिकत होतो. दिल्लीचा प्रयोग झाला होता, जंतूचा शोध लागला होता, पण वॉर्डातले पथ्याचे कागद जुनेच होते. आम्ही ते पाठ केले आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे तेच लिहीत राहिलो. 'तिखट बंद' लिहायला अर्धे मिनिट लागते. रुग्णाला गोळ्यांचा हिशेब विचारायला पाच मिनिटे. बाहेर बाकावर वीस माणसे बसलेली असली की अर्ध्या मिनिटाचा मोह होतो. माझ्या व्यवसायबंधूंना हे कडू वाटेल, पण मी स्वतःबद्दलच बोलतो आहे.

मिसळ आणि हृदय

वर ज्याचा उल्लेख केला, तो दुकानदार माझ्याकडे आला होता तोही तिखटाचेच निमित्त घेऊन. सकाळी मिसळ खाल्ली होती, दोनदा सॅम्पल मागून घेतले होते. तासाभराने छातीत जळजळ सुरू झाली. जळजळीवरचे औषध घेतले, थंड दूध प्यायले, दुकान उघडले, दोन गिऱ्हाइके केली आणि मग माझ्याकडे आला. "काही नाही, मिसळ बाधली." पण पंखा चालू असताना त्याचा शर्ट घामाने भिजला होता. मी लगेच कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका होता. वेळेत रुग्णालयात पोचला म्हणून आज तो गल्ल्यावर बसतो, आणि घंटा नि बटणाची चर्चा आमची त्यानंतरची.

हृदयाचे दुखणे नेहमी 'दुखणे' म्हणून येत नाही. कधी छातीत दडपण, कधी जळजळ, कधी नुसते अपचन वाटते. मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि स्त्रियांत तर ते फसवेच असते. छातीत जळजळ आणि सोबत घाम, धाप, मळमळ, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ, यांपैकी काहीही असेल तर आदल्या जेवणाचा विचार करत बसू नका. स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी बरोबर घेऊन थेट कार्डिओग्रामची सोय असलेल्या ठिकाणी जा. मिसळीमुळे असेल तर फार तर एक फेरी फुकट जाईल.

कुत्र्याच्या चाव्यावर मिरची

याच्या उलट एक चूक आहे, आणि ती अधिक भयंकर. कुत्रा चावला की जखमेत मिरचीपूड भरण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यामागची समजूत अशी की जितकी आग होईल तितके विष जळेल. मुले टाहो फोडतात आणि मोठ्यांना समाधान वाटते, की औषध लागू पडले.

पण मिरचीची आग ही आगच नव्हे, हे आपण पाहिले. तिने काहीही जळत नाही, रेबीजचा विषाणू तर नाहीच. उलट जखम चिडते आणि मोलाचा वेळ जातो. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवा. काही भरू नका, बांधू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. जखम खोल असेल, तोंडावर किंवा हातावर असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचे प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. ते विचारून घ्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो.

मिरचीचे खरे अपराध

वकील म्हणून मी मिरचीचे सगळेच अपराध लपवणार नाही. गुदद्वाराला चीर पडली असेल, ज्याला फिशर म्हणतात, तर मिरचीने आग आणि दुखणे वाढते. नागपूरच्या एका शल्यचिकित्सकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दिसून आले आहे. ज्यांचे आतडे हळवे आहे, जेवले की शौचाला पळावे लागते, त्यांना तिखटाने कळा येतात. ज्यांना आम्ल घशाशी येण्याचा त्रास आहे, त्यांनी रात्रीचे तिखट बेताने घ्यावे. दमेकऱ्यांनी कांडपाच्या दिवसांत लांब राहावे. आणि कोण किती तिखट खातो याच्या पैजा कॉलेजच्या मुलांनी लावू नयेत. २०२३ साली अमेरिकेत १४ वर्षांचा एक मुलगा अशाच पैजेचा अतितिखट पदार्थ खाऊन दगावला. त्याचे हृदय आधीच वाढलेले होते असे तपासणीत निघाले. पण आपले हृदय कसे आहे हे पैज लावणाऱ्याला कुठे ठाऊक असते?

मात्र तिखट सोसते की नाही, हे ज्याचे त्याने स्वतःच्या पोटाला विचारून ठरवावे. दुसऱ्याचे पथ्य आपल्याला लावू नये. आणि याच कॅप्सेसिनचा औषध म्हणून उपयोग आहे, हेही ध्यानात ठेवावे. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या चिवट वेदनांवर त्याचे मलम लावतात. पुन्हा पुन्हा घंटा वाजवली की तंतू थकतात आणि वेदनेचा निरोप नेईनासे होतात, असे त्यामागचे तत्त्व. अर्थात ते मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावायचे. घरचा मिरचीचा लेप अंगावर थापायचा नाही.

तेव्हा माझे मागणे एवढेच. पोटात वरच्या बाजूला दुखते, जळजळते, म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते तिखटाबद्दल विचारतील. त्याचे उत्तर जरूर द्या. पण न विचारताही सांगा, की दुखण्यावरच्या कोणत्या गोळ्या घेता, रोज किती, कधीपासून. दुकानातून परस्पर आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. नाव आठवत नसेल तर रिकामे पाकीट खिशात घालून न्या. शौचाला डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर पथ्य करत घरी थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते. घेत असाल तर तेही सांगा. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन सुरू केले असेल, तर हा लेख वाचून ते आपल्या मनाने मात्र बंद करू नका. पोटाच्या रक्षणासाठी काय करता येईल ते त्यांनाच विचारा.

मावशी पुढे काही आठवड्यांनी पुन्हा आल्या. व्रण भरून आला होता. जाताना त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, एवढासा ठेचा चालेल का. मी म्हटले, "सोसत असेल तर खा मावशी. गोळ्यांचा डबा तेवढा इथे आणून द्या."

त्यांनी दुसऱ्या दिवशी तो आणून दिला. वाचकहो, आज तुम्हीही घरातली मिरचीची बरणी राहू द्या, आणि गोळ्यांचा डबा उघडून बघा.